सिगार मुरवताना पाणी कुठे मुरलं: लाकडी पेटी आणि प्लॅस्टिकचा डबा, 14 महिन्यांनंतर

2024 च्या फेब्रुवारीत मेहुणा दुबईहून येताना माँटेक्रिस्टो नंबर 4 या सिगारचं खोकं घेऊन आला. परदेशातून येणाऱ्याला 25 सिगार ड्यूटीशिवाय आणता येतात आणि खोक्यातही 25 च असतात, त्यामुळे कस्टममध्ये काही बोलावं लागलं नाही. त्याआधी मी सुट्या दोन-तीन आणायचो नि महिन्याभरात संपवायचो. साठवणं वगैरे प्रश्नच नव्हता. आता पंधरा दिवसांतून एक या वेगाने हे खोकं वर्षभर पुरणार होतं. तेही पुण्यात, जिथे मे महिन्यात पापड गच्चीवर दिवसभरात वाळतात आणि जुलैत तेच पापड डब्यात सादळतात.

मग रीतसर ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल टिकवणारी पेटी, मागवला. 9,500 रुपये, वर चकचकीत पॉलिश, झाकणात काच, समोर पितळी काट्याचा आर्द्रतामापक. '50 सिगारची क्षमता' असं लिहिलेलं. 50 बसतात, पण दिवाळीच्या गाडीत माणसं बसतात तशा. आरामात 30.

पहिलं काम आर्द्रतामापक तपासायचं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, पाण्याचे काही थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखं करायचं (विरघळू द्यायचं नाही), आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद करून ठेवायचं. पिशवीतली हवा 75 टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते, हा मिठाचा गुणधर्मच आहे. सकाळी पितळी काटा 62 वर होता. 13 टक्क्यांची थाप! त्याच्या भरवशावर राहिलो असतो तर पेटीत 83 टक्के करून बसलो असतो आणि वर समाधानाने 70, म्हणजे सिगारसाठीचा जुना रूढ आकडा, वाचलं असतं. 600 रुपयांचा डिजिटल मापक घेतला, तो 73 दाखवत होता. त्याच्या आकड्यात 2 मिळवायचे, इतकं लक्षात ठेवलं. पितळी काटा अजून पेटीवर आहे, शोभेला.

पेटी आतून स्पॅनिश सीडरची आहे. हे झाड स्पेनचंही नाही आणि सीडरही नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, महोगनीच्या कुळातलं. आपल्याकडचा तून त्याचा जवळचा भाऊबंद. आमचे सुतार पेटी हुंगून म्हणाले, "देवदाराची करून देतो की, निम्म्या पैशात." देवदार हा खरा सीडर, पण त्याला राळेचा वास असतो आणि तंबाखू शेजारचा वास चटकन उचलतो. स्पॅनिश सीडर पाणी पितं, हवं तेव्हा सोडतं, आणि वासाने तंबाखूशी भांडत नाही. पण नवं लाकूड कोरडं ठक्क असतं. ते आधी तृप्त केलं नाही तर सिगारचं पाणी पिऊन टाकतं. जुने लोक ओल्या फडक्याने आतून पुसायचे, त्याने लाकूड वाकायची भीती. मी 84 टक्क्यांची बोव्हेडाची पाकिटं टाकून 14 दिवस झाकण उघडलं नाही.

ही पाकिटं ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी: आत मिठाचं दाट द्रावण, बाहेर फक्त वाफ जाऊ-येऊ देणारा पापुद्रा. हवा कोरडी झाली की पाकीट ओल सोडतं, दमट झाली की ओढून घेतं. 62, 65, 69, 72 अशा आकड्यांची मिळतात. फोम आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल (ओल धरणारं रसायन) हाही पर्याय आहे, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. मी तो महिनाभर करून पाहिला. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते पाणी वापरलं, आणि दर आठवड्याला 'आज घातलं का' म्हणून स्वतःलाच विचारत बसलो. सोडून दिला.

मार्चमध्ये 69 ची चार पाकिटं पेटीत ठेवली. एका 60 ग्रॅमच्या पाकिटाला तेव्हा 450 च्या आसपास पडले. एप्रिल संपेपर्यंत चारही बिस्किटासारखी कडक. नवी चार आणली. मेच्या शेवटी तीही कडक, आणि मापक 58 वर. बाल्कनीत दुपारी 20-22 टक्के दाखवत होता, म्हणजे बाहेरची हवा तहानलेली होती हे कबूल. पण बंद पेटीतून इतकं पाणी जातं कुठे? एका रात्री मोबाइलचा टॉर्च पेटवून आत ठेवला, झाकण लावलं, दिवे घालवले. मागच्या बिजागऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी उजेडाच्या बारीक रेघा. झाकणाच्या काचेच्या एका कोपऱ्यातूनही. मग दहाची नोट झाकणात अडकवून चारी बाजूंनी ओढली. समोर अडकत होती, मागे अलगद निघून येत होती. पाणी कुठेतरी मुरतंय असं आपण संशयाने म्हणतो, इथे ते खरोखरच मुरत होतं, आणि दर पाच आठवड्यांना 1,800 रुपयांचं. विक्रेत्याला फोटो पाठवले. 'नैसर्गिक लाकडात थोडंफार चालतं' असं उत्तर आलं.

तुळशीबागेतून 450 रुपयांचा डबा आणला. चार बाजूंना चार क्लिपा, झाकणात सिलिकॉनची कड. आई असल्या डब्यात फरसाण ठेवते. नव्या प्लॅस्टिकला वास होता. खाण्याच्या सोड्याने दोनदा धुतला, आठवडाभर उघडा ठेवला, तेव्हा गेला. मित्राकडून रिकामी सिगारची खोकी आणली, त्यातले सीडरचे पातळ पत्रे तळाला आणि मध्ये घातले, 65 ची दोन पाकिटं टाकली. 13 सिगार यात हलवल्या, 5 पेटीत ठेवल्या. बाकीच्या तोवर ओढून झाल्या होत्या.

त्या दिवसापासून आजपर्यंत, म्हणजे साधारण 11 महिने, डब्यातला मापक 64 ते 67 च्या बाहेर गेलेला नाही. पाकिटं तीच. एकदाही बदलली नाहीत. एवढंच करतो की रविवारी झाकण काढून दोन मिनिटं हवा बदलतो, कारण इतका घट्ट डबा स्वतःचाच वास धरून बसतो.

65 का, 70 का नाही? जुना नियम 70 अंश फॅरनहाइट आणि 70 टक्के. 70 फॅरनहाइट म्हणजे 21 सेल्सिअस. आमच्या कपाटात मे महिन्यात 32 असतं. गरम आणि दमट असं दोन्ही जमलं की बुरशी आणि किड्यांची चंगळ, म्हणून एक आकडा हातात नसेल तर दुसरा खाली ओढायचा. शिवाय मला 65 ची सिगार ओढायलाही बरी वाटते. 70 वर ठेवलेली मधे विझते, आणि दम खेचताना ताकाची रवी घुसळल्यासारखं वाटतं. वाइनचा छोटा फ्रिज घ्यायचा विचार केला होता, पण कॉम्प्रेसर चालू झाला की आतली हवा कोरडी होते. एक दुरुस्त करायला दुसरं यंत्र, हे नको वाटलं.

पावसाळ्यात पेटीने उलटी बाजू दाखवली. ज्या फटीतून मेमध्ये ओल बाहेर गेली, त्याच फटीतून जुलैत आत आली. मापक 76. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाचपैकी तिघींवर पांढरट लव. 'हे ब्लूम आहे, तंबाखूचं तेल वर येऊन स्फटिक होतात, चांगलं लक्षण आहे' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माझं मत: लव असेल, ठिपके ठिपके असतील, खाली डाग पडला असेल तर ती बुरशी आहे, तिचं कौतुक करू नये. वरच्या पानावरची कोरड्या फडक्याने पुसली. दोघींना पेटवायच्या टोकाकडूनही लागली होती, म्हणजे ती आत शिरलेली. त्या दोन्ही फेकल्या. साधारण 3,000 रुपये कचऱ्यात.

आता किडा. आई हळदीचा डबा आवरत होती, त्यात तांबूस, तिळाएवढे किडे निघाले. मी चरकलो. हा जो किडा हळद, सुंठ, धणे, मिरच्या पोखरतो, तोच तंबाखूचाही किडा. लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी असं भारदस्त नाव आहे त्याला. सिगारला सुईने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली आणि खाली बारीक भुकटी पडलेली असली, की समजायचं. अंडी डोळ्याला दिसत नाहीत, पानाबरोबरच येऊ शकतात, आणि आपल्या उन्हाळ्यात कपाट म्हणजे त्यांची उबवणीपेटी. आईच्या पद्धतीत धान्यात बिब्बे घालतात. सिगारमध्ये बिब्बा घालायची माझी हिंमत नाही.

उपाय थंडीचा. सगळ्या सिगार दोन-दोन झिप पिशव्यांत हवा दाबून काढून भरल्या आणि फ्रीझरमध्ये उणे 18 वर पाच दिवस ठेवल्या. तिथून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक दिवस, मग बंद पिशवीतच बाहेर एक दिवस. पायऱ्या चुकवायच्या नाहीत. एका पिशवीच्या बाबतीत मी घाई केली, थेट बाहेर काढून उघडली. वरचं पान टोकापासून बोटभर उकललं. बाकी सगळ्या शाबूत. फ्रीझरमधल्या मटारशेजारी सिगार बघून बायकोने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. डबा आता स्वयंपाकघरापासून लांब, उत्तरेच्या खोलीत, कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात असतो. तिथे वरच्या खणापेक्षा 2-3 अंश कमी भरतात.

सिगार खरंच मुरते का? माझ्या मामांची निपाणीला तंबाखूची वखार होती. विडीचा तंबाखू, सिगारचा नव्हे, पण पान ते पानच. सुट्टीत वखारीत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं. मामा मुठीत पान घेऊन हलकेच आवळायचे. चुरचुर आवाज आला तर कोरडं, मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओलं, आणि हळूहळू उलगडलं तर 'आता ठीक'. मी आज सिगार दोन बोटांत दाबतो तेव्हा हेच करत असतो, फक्त मामांना पाकीटही लागत नव्हतं आणि मापकही.

माझ्या खोक्याच्या तळाशी डिसेंबर 22 चा शिक्का आहे, स्पॅनिशमधल्या महिन्याची तीन अक्षरं आणि वर्षाचे दोन आकडे. म्हणजे हातात आलं तेव्हाच त्या सिगार वर्षाहून जुन्या होत्या. पहिली मी मेहुणा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ओढली. एका बाजूने भराभर जळाली, तीनदा पेटवावी लागली, घशाला लागली. दोष सिगारचा नव्हता, विमानाच्या कोरड्या हवेचा आणि माझ्या उतावळेपणाचा. सहा आठवड्यांनी त्याच खोक्यातली ओढली तर ओळखू येईना. सरळ जळत होती, राख दोन बोटं उभी राहिली. मला वाटलं, मुरली! पण सहा आठवड्यांत काय मुरणार? आतल्या, मधल्या आणि वरच्या पानातली ओल सारखी झाली, एवढंच झालं होतं. माझ्या मते घरगुती 'एजिंग'च्या निम्म्याहून जास्त गोष्टी या ओल सारखी होण्याच्याच आहेत. त्यालाही किंमत आहे, पण त्याला सहा आठवडे पुरतात.

त्यापुढचा फरक बारीक आहे. सहाव्या महिन्याला नाकात जाणारी अमोनियाची झणझण कमी झाली होती. बाराव्या महिन्याला पहिल्या दोन इंचांतला मिरीचा तिखटपणा मवाळ झालेला, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी चव पुढे आलेली. की मला तसं वाटतंय? म्हणून मित्राने त्याच प्रकारची, दुकानातून नुकती आणलेली एक सिगार दिली, आणि बायकोने दोन्हीच्या नावाच्या कागदी पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या. असं तीनदा केलं. दोनदा ओळखली, एकदा सपशेल चुकलो. यावरून कुणी निष्कर्ष काढू नयेत, मीही काढत नाही. माझी पेतित कोरोना या आकाराची आहे, 129 मिलिमीटर लांब आणि 42 रिंग जाडीची (एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग). रोबुस्तो या जाड आकारात पानं जास्त, तिथे कदाचित हिशेब वेगळा असेल.

एक फसलेला प्रयोगही सांगतो. त्रिचीहून पाच चिरूट आणले होते. चिरूट हा शब्दच तमिळ 'सुरुट्टु'वरून आलेला, म्हणजे गुंडाळी. दोन्ही टोकं उघडी, कोरडे, खरखरीत. वाटलं यांनाही डब्यात ठेवावं. दोन महिन्यांत लोण्यासारखे मऊ झाले आणि पेटेनात, शिवाय डब्याला त्यांचा उग्र वास लागला. ते कोरडेच ओढायचे असतात. आता साध्या बरणीत आहेत, पाकिटाशिवाय, आणि झकास आहेत.

हिशेब असा: पेटी आणि तिची 69 ची पहिली आठ पाकिटं मिळून 13,100. डबा, पाकिटं, मापक धरून 1,950. पेटी मला अजून आवडते, उघडली की सीडरचा वास घरभर होतो, आणि पाहुण्यांसमोर डबा उघडला की सगळे आधी फरसाणच आहे असं समजतात. त्यामुळे पेटीत आता कटर, काड्यापेट्या आणि पुढच्या दोन आठवड्यांत ओढायची एक सिगार एवढंच असतं. मागच्या फटीला आतून सिलिकॉनची पातळ पट्टी लावली आहे, 69 चं एकच पाकीट टाकलंय. या एप्रिलमध्ये ते अडीच आठवड्यांनी अजून मऊ आहे.

डब्यात चार उरल्या आहेत. त्यांना हात लावायचा नाही असं ठरवून झाकणावर चिकटपट्टी लावली आणि तारीख टाकली. परवा आई विचारत होती, हा फरसाणाचा डबा इथे खाली कुणी ठेवला म्हणून.