इंट्यून: सांभाळतं चांगलं, पण पहिल्या दिवशीची चूक माफ करत नाही

कंपनीचे फोन आणि कॉम्प्युटर दुरून सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं हे उत्पादन २०११ मध्ये 'विंडोज इंट्यून' या नावानं आलं, तेव्हा त्याचा सगळा भर कॉम्प्युटरवर होता. फोन सांभाळणं नंतर जोडलं गेलं आणि काही ठिकाणी तो जोड अजून दिसतो. इथं फक्त कर्मचाऱ्यांच्या हातातल्या अँड्रॉइड फोन आणि आयफोनचा विचार केला आहे, लॅपटॉप बाजूला ठेवले आहेत. मेल, टीम्स आणि फायलींवर काम करणाऱ्या माणसांसाठी इंट्यून बिनधास्त घ्यावं. गोदामात किंवा काउंटरवर चार हातांतून फिरणाऱ्या फोनसाठी घेणार असाल तर आधी थोडं थांबा, कारण तिथं ते अडखळतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक नोंदणीच्या प्रकारात होते. अँड्रॉइडमध्ये चार रस्ते आहेत: कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर वर्क प्रोफाइल (कामाची ॲप खासगीपासून वेगळी ठेवणारा कप्पा), कंपनीच्या फोनवर वर्क प्रोफाइल, पूर्णपणे कंपनीच्या ताब्यातला फोन, आणि एकाच कामाला जुंपलेला फोन, म्हणजे किऑस्क. कंपनीच्या फोनचे तिन्ही प्रकार फोन कोरा असतानाच लागू होतात. एकदा सेटअप पुरा झाला की दुसऱ्या प्रकारात नेण्यासाठी फॅक्टरी रीसेट करावाच लागतो. शंभर फोन वाटून झाल्यावर 'यात खासगी ॲपही चालायला हवी होती' असं लक्षात आलं, तर शंभर फोन परत मागवावे लागतात. त्यामुळे कंपनीचा फोन माणूस घरीही नेणार असेल, तर पूर्ण ताब्याचा हट्ट सोडा आणि वर्क प्रोफाइलवाला प्रकार निवडा. कामाच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं आणि खासगी बाजूचे फोटो, मेसेज, कॉल ॲडमिनला दिसत नाहीत. हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगितलं तर निम्मी कुरकुर तिथंच संपते.

प्रत्यक्ष नोंदणी सोपी आहे. कोरा फोन चालू करायचा, स्वागताच्या पहिल्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप करायचं, क्यूआर स्कॅनर उघडतो, वायफाय जोडून इंट्यूनमधला कोड दाखवायचा. घोळ होतो तो दोन ठिकाणी. एक, कुणीतरी 'बघू तर खरं' म्हणून फोन आधीच चालू करून गूगल खातं टाकलेलं असतं. मग तो कोरा उरत नाही आणि रीसेटपासून सुरुवात करावी लागते. दोन, किऑस्कच्या क्यूआर कोडला मुदत असते. छापून भिंतीला चिकटवलेला जुना कागद स्कॅन करत राहिलात तर नोंदणी होत नाही आणि दोष मात्र नेटवर्कला दिला जातो. झिरो-टचनं, म्हणजे फोन चालू होताच आपोआप नोंदवणाऱ्या गूगलच्या योजनेनं, हा सगळा खटाटोप वाचतो, पण त्यासाठी फोन त्या योजनेतल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतलेले हवेत. म्हणजे निर्णय खरेदीच्या टेबलावर होतो, आयटीच्या नाही.

किऑस्क फोनबाबत आणखी एक खोच आहे. या फोनला वापरकर्ता नसतो. त्यामुळे वापरकर्त्यांच्या ग्रुपला दिलेली पॉलिसी किंवा ॲप त्यावर कधीच उतरत नाही. ॲडमिन स्क्रीनवर सगळं नीट दिसतं, चूक कुठंच लाल होत नाही, आणि फोन रिकामाच. असं दिसलं की नेमणूक डिव्हाइस ग्रुपला केली आहे का, हे आधी पाहा.

आयफोनची बाजू जास्त नेटकी आहे, पण तिथं तारखा सांभाळाव्या लागतात. इंट्यूनला आयफोनशी बोलू देणारं ॲपलचं पुश प्रमाणपत्र वर्षभर चालतं. ॲपल बिझनेस मॅनेजरला, म्हणजे कंपनीचे फोन आणि ॲप सांभाळायच्या ॲपलच्या पोर्टलला, जोडणारं नोंदणीचं टोकन वर्षभर चालतं. ॲपच्या लायसन्सचं टोकनही वर्षभरच. यातलं पुश प्रमाणपत्र सगळ्यात नाजूक. ते ज्या ॲपल खात्यातून काढलं, त्याच खात्यातून नूतनीकरण करायचं असतं. मुदत संपल्यावर घाईघाईत नवीन प्रमाणपत्र काढून बसवलं, तर आधीचे सगळे आयफोन इंट्यूनपासून तुटतात आणि एकेक करून पुन्हा नोंदवावे लागतात. ॲपलची आठवण करून देणारी मेल त्या खात्याच्या पत्त्यावर जाते. तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असेल तर मेल बंद डब्यात पडते. खातं कुणा एकाच्या नावानं न काढता विभागाच्या सामायिक मेलवर काढा, आणि तिन्ही तारखा दोघांच्या कॅलेंडरमध्ये ठेवा.

आयफोन घेतानाही विक्रेत्याकडून ते थेट कंपनीच्या ॲपल बिझनेस मॅनेजर खात्यात नोंदवून घ्यावेत. बाहेरून घेतलेला फोन ॲपल कॉन्फिगरेटर या ॲपलच्याच ॲपनं मागाहून टाकता येतो, पण मग पहिले ३० दिवस वापरणाऱ्याला ते नियंत्रण स्वतःच काढून टाकता येतं. त्या महिन्यात असे फोन कपाटात ठेवणं शहाणपणाचं.

आता इंट्यूनचा खरा मान जिथं आहे ते सांगतो: फोनची नोंदणी न करताच फक्त ॲपला कुंपण घालणं. कर्मचाऱ्याचा फोन त्याचाच राहतो, आउटलुक, टीम्स, वर्ड यांच्यातला कंपनीचा डेटा मात्र पिनमागं जातो, बाहेर कॉपी होत नाही, आणि माणूस गेला की फक्त तेवढाच पुसला जातो. अँड्रॉइडवर त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं कंपनी पोर्टल ॲप फोनमध्ये असावं लागतं. त्यात लॉगिन करायची गरज नाही, पण हे समजावून सांगितलं नाही तर 'कंपनी माझ्या फोनमध्ये घुसली' म्हणून लोक ते काढून टाकतात आणि मग आउटलुक उघडेना म्हणून तक्रार करतात. आयफोनवर सशर्त प्रवेशासोबत (म्हणजे अटी पाळल्या तरच मेल आणि फायली उघडू देणारी व्यवस्था) हेच काम मायक्रोसॉफ्टचं ऑथेंटिकेटर ॲप करतं.

या कुंपणाच्या सेटिंगमध्ये दोन बारीक गोष्टी आहेत, ज्या बहुतेक ठिकाणी चुकतात. आउटलुकमधले संपर्क फोनच्या संपर्कयादीत जाऊ द्यायचे की नाही, हे एका वेगळ्या सेटिंगवर ठरतं. सुरक्षेच्या नावाखाली ते बंद केलं की ग्राहकाचा फोन येतो तेव्हा नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. विक्री विभाग दुसऱ्या दिवशी दारात उभा. दुसरी गोष्ट कॉपी-पेस्टची. पूर्ण बंदी घातली की मेलमधला साधा फोन नंबरही उचलता येत नाही, लोक स्क्रीनचा फोटो दुसऱ्या फोननं काढायला लागतात आणि बंदीचा उद्देशच बुडतो. त्याऐवजी थोड्या अक्षरांपुरती सूट देणारी मर्यादा आहे, ती मुळात शून्यावर असते. २० ते २५ अक्षरं दिली की नंबर निघतो, पण करारनामा निघत नाही. कीबोर्डवर बंधन घालणार असाल तर कर्मचारी कोणकोणत्या भाषांत टाइप करतात ते आधी विचारा.

ही कुंपणं इंट्यूनशी जुळवून बनवलेल्या ॲपनाच लागतात. हिशोबाचं किंवा हजेरीचं एखादं खास ॲप असेल तर ते बनवणाऱ्याला आधी विचारा. नसेल जुळत, तर हा रस्ता त्या ॲपसाठी बंद आहे.

फोन नियमात बसतो की नाही हे तपासणाऱ्या भागात मूळ सेटिंग ढिलं आहे. ज्या फोनला एकही नियम लावलेला नाही, तो आपोआप 'नियमात बसतो' असा धरला जातो. इंट्यून हातात आलं की पहिल्या तासात हे उलटं करावं, पण त्याआधी प्रत्येक प्रकारच्या फोनला किमान एक नियम लावून घ्यावा, नाहीतर सगळेच बाहेर फेकले जातील. शिवाय नियमात न बसणारा फोन इंट्यून स्वतः मेलपासून अडवत नाही, ते मुळात फक्त शेरा मारतं. मेल अडवण्याचं काम सशर्त प्रवेशाचं. त्यासाठी एंट्रा आयडी पी१, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सेवेचं वेगळं लायसन्स, लागतं आणि सुटं इंट्यून घेतलं तर ते त्यात येत नाही. मोठ्या पॅकेजमध्ये दोन्ही असतात. केवळ इंट्यून घेऊन 'आता नियम न पाळणाऱ्याची मेल बंद होईल' असं समजणारे बरेच आहेत. सशर्त प्रवेश सुरू करताना आधी काही दिवस फक्त-अहवाल स्थितीत (कुणाला न अडवता नुसती नोंद) ठेवा, आणि एक आणीबाणीचं ॲडमिन खातं त्यातून वगळा. स्वतःच बाहेर कोंडून घेतल्यावर आत यायला दुसरं दार नसतं.

फोनच्या सिस्टीमची किमान आवृत्ती सक्तीची करताना चार-आठ दिवसांची सवलत द्या. सगळ्या कंपन्यांचे अँड्रॉइड फोन एकाच दिवशी अपडेट होत नाहीत आणि मूळ सेटिंग सवलत न देता लगेच फोन बाद ठरवतं.

वेगाबद्दल तक्रार आहे आणि ती रास्त आहे. ॲडमिननं काही बदललं की इंट्यून फोनला पुश सूचना पाठवतं. ती पोचली तर काही मिनिटांत काम होतं. न पोचली तर फोन साधारण दर ८ तासांनी स्वतःहून चौकशी करतो, तोवर वाट पाहायची. बॅटरी वाचवण्याच्या नादात मागची ॲप मारणाऱ्या अँड्रॉइड फोनवर हे जास्त होतं. फोन हरवला तर हीच गोष्ट जिवावर येते. चोरानं सिम काढलं, वायफाय नाही, तर वाइपचा, म्हणजे फोन दुरून पूर्ण पुसण्याचा, आदेश 'प्रलंबित' म्हणून पडून राहतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पासवर्ड बदला, चालू लॉगिन रद्द करा, मग आयफोन सुपरवाइज्ड (कंपनीच्या जास्त ताब्यातला) असेल तर लॉस्ट मोड (फोन कुलूपबंद करून त्याचं ठिकाण शोधू देणारी सोय), आणि वाइप सगळ्यात शेवटी. वाइप झाल्यावर फोनचा ठावठिकाणा कळत नाही. आणि खरं संरक्षण आधीच सक्तीच्या केलेल्या सहा अंकी पासकोडचं असतं, वाइपच्या बटणाचं नाही.

किऑस्ककडे परत येऊ. ठरवून दिलेलीच ॲप दाखवणारं मॅनेज्ड होम स्क्रीन चालतं, दिसायला साधं आहे, पण अपडेटचा फास इथं बसतो. गूगल प्लेवरून येणारं ॲप मुळात तेव्हाच अपडेट होतं जेव्हा फोन वायफायवर असतो, चार्जिंगला लावलेला असतो, वापरात नसतो आणि ते ॲप समोर उघडं नसतं. किऑस्कमध्ये तर एकच ॲप दिवसरात्र समोर असतं. परिणामी सहा-सहा महिने जुनी आवृत्ती चालत राहते. त्या ॲपचं अपडेट प्राधान्य 'उच्च' करा, म्हणजे नवीन आवृत्ती आल्याबरोबर उतरते. वायफायचा पासवर्ड बदलायचा असेल तर नवीन प्रोफाइल आधी फोनवर पोचू द्या, सगळ्यांनी घेतल्याची खात्री करा, आणि मगच राउटरला हात लावा. उलट केलंत तर फोन नेटवर्कबाहेर जातो, नवीन पासवर्ड त्याला कळवायचा मार्गच उरत नाही, आणि होम स्क्रीनवर वायफायचं बटण दिलेलं नसेल तर प्रत्येक फोन हातात घेऊन किऑस्कमधून बाहेर काढावा लागतो.

परत आलेल्या फोनबद्दल दोन शब्द. आयफोन पुसण्याआधी ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे जुन्या ॲपल खात्याचं कुलूप, उघडणारा बायपास कोड टिपून ठेवा. पूर्ण ताब्यातल्या अँड्रॉइडवर फॅक्टरी रीसेटनंतर चालणारी गूगल खाती पॉलिसीत आधीच लिहा, नाहीतर बटणं दाबून रीसेट केलेला फोन जुन्या माणसाचं खातं मागत बसतो. 'रिटायर' आणि 'वाइप' यांत गल्लत करू नका. रिटायर कंपनीचा तेवढाच डेटा काढतं, वाइप फोन कोरा करतं.

३० दिवसांची चाचणी मिळते. त्यात नवे कोरे फोन नोंदवून खूश होण्याऐवजी एक फोन आठवडाभर बंद ठेवा, एकाचं सिम काढून वाइप पाठवा, एक कर्मचारी 'सोडून गेला' असं धरून त्याचा फोन दुसऱ्याला द्या. या तीन फोनमागं किती तास जातात ते मोजा, आणि लायसन्सच्या आकड्याशेजारी तोही आकडा लिहा.