सुझुकी, हेक की नेगिशी? जुलैतला प्रश्न

“सर, सुझुकी करू की नेगिशी?” पावसाळा लागला की एम.एस्सी.चं कुणीतरी हे विचारायला येतंच. सुझुकी, हेक, नेगिशी म्हणजे कार्बनचे दोन तुकडे एकमेकांना जोडायच्या तीन अभिक्रिया, शोधणाऱ्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या. मी आधी खिडकीबाहेर बघतो. कोल्हापुरात जुलैत दोरीवरचा शर्ट दोन दिवस वाळत नाही, आणि नेगिशीतलं झिंक संयुग ओल लागली की संपलंच.

तिन्हींत उत्प्रेरक म्हणून राबतो तो पॅलेडियम हा धातूच. बेंझीन वलयावरचा ब्रोमीन एरवी ढिम्म हलत नाही. शून्य ऑक्सिडेशन अवस्थेतला (विद्युतभार नसलेला) पॅलेडियम त्या कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतो, दुसरा कार्बन तुकडा स्वतःवर घेतो, दोघांना जोडून सुटतो आणि पुढच्या रेणूला लागतो. म्हणून शंभर रेणूंमागे एक ते पाच अणू पुरतात. हेक, नेगिशी आणि सुझुकी या तिघांना 2010 चं नोबेल मिळालं ते यासाठीच. फरक आहे तो दुसरा तुकडा कुठून आणायचा, यात.

सुझुकीत (1979) तो बोरॉनिक आम्लातून, म्हणजे कार्बनला बोरॉन जोडलेल्या संयुगातून येतो. ही पांढरी पावडर हवेत उघडी तोलता येते, द्रावकात पाणी चालतं, पोटॅशियम कार्बोनेट टाकून 80 अंशांवर रात्रभर ढवळायचं. वलयाला वलय जोडायचं असेल तर डोळे झाकून हीच. खोट एकच: काही बोरॉनिक आम्लं, विशेषतः 2-पिरिडिलची, तापवताना बोरॉन गमावून बसतात. तिथं हट्ट करू नका.

हेकमध्ये दुसरा धातूच लागत नाही. आयोडोबेंझीन, इथाइल ॲक्रिलेट, ट्रायइथाइल अमीन, झालं. ट्रान्स सिनामेट (वलयाला दुहेरी बंधानं जोडलेलं एस्टर) मिळतं आणि खर्चही कमी. पण दुहेरी बंध हवा असेल तरच. साध्या अल्कीनवर (दुहेरी बंधाच्या साध्या साखळीवर) समघटकांची खिचडी होते आणि ती वेगळी करायला कॉलम करता करता जीव जातो.

नेगिशी (1977) खरी कामाला येते ती अल्किल साखळी वलयाला जोडताना. शिवाय ग्रिन्यार (मॅग्नेशियमचं असंच संयुग) जिथं एस्टरवर तुटून पडतो, तिथं झिंक सबुरीनं वागतं. पण टीएचएफ हा द्रावक सोडियम-बेंझोफिनोनवर गर्द निळं होईपर्यंत कोरडं करायचं, सिरिंज ओव्हनमधून काढायची, नायट्रोजन अखंड हवा. ही सोय नसेल तर दिवाळीनंतर बघा. तेव्हा हवा तरी साथ देते.

पॅलेडियमऐवजी निकेल वापरलं तर स्वस्त पडतं हे खरं, पण पहिल्याच प्रकल्पात त्याच्या नादी लागू नका, असं मला वाटतं.

सुझुकी ठरवलीत तर टेट्राकिसची (पॅलेडियमच्या उत्प्रेरकाची) बाटली आधी उघडून बघा. पिवळी असेल तर लगेच तोला आणि नायट्रोजन भरून परत फ्रीजमध्ये ठेवा. हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती वापरूच नका. मी एकदा वापरली होती. सकाळी फ्लास्कच्या तळाशी काळा गाळ, आणि अभिक्रिया कुठवर आली ते दाखवणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर ब्रोमाइडचा ठिपका होता तिथंच, म्हणजे काहीच झालं नव्हतं.