अझूल, कटान की टिकेट टू राइड? गोव्यातल्या घरासाठी पहिला बोर्ड गेम

फोंड्याच्या आमच्या रविवारच्या बैठकीत यंदा बरेच नवे बॉक्स आले. त्यातले तीन सगळ्यांच्या हातून भरपूर खेळून झाले: अझूल, कटान आणि टिकेट टू राइडची युरोप आवृत्ती. ल्युडो-कॅरमच्या पुढचं काहीतरी घ्यायचंय असं म्हणणारा माणूस शेवटी याच तिघांपाशी येऊन अडतो. किमती वरखाली होत असतात, पण तिन्ही बॉक्स हजारांच्या घरात जातात. सगळे घेऊन बघू म्हणणं बहुतेकांच्या खिशाला झेपत नाही. एकच घ्यायचा तर कोणता, एवढंच इथे बघायचं आहे.

दर्जाचा प्रश्न फारसा नाही. जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार कटानला १९९५ साली मिळाला, टिकेट टू राइडच्या मूळ अमेरिकी नकाशाला २००४ मध्ये आणि अझूलला २०१८ मध्ये. तिन्ही खेळ चांगलेच आहेत. आपल्याकडे बघायच्या गोष्टी दोन: घरात टेबलाशी खात्रीने बसणारी माणसं किती, आणि जून ते सप्टेंबर त्या पुठ्ठ्याचं काय होणार.

अझूलपासून सुरुवात करतो, कारण तो मला सगळ्यांत जास्त आवडतो आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मिखाएल कीसलिंग यांचा हा खेळ २०१७ साली आला. पोर्तुगीज रंगीत फरशा, म्हणजे अझुलेजो, भिंतीवर बसवायच्या हा त्याचा विषय. नियमपुस्तकात पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल येतो; १५१० साली गोवा घेतला गेला तेव्हा गादीवर हाच राजा होता. पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातली निळी-पांढरी चित्रं ज्यांनी बघितली आहेत, किंवा मळा-फोंतेन्हास या जुन्या वस्तीतून चालताना घरांच्या नावांच्या फरशा ज्यांच्या नजरेत भरल्या आहेत, त्यांना विषय समजावून सांगावा लागत नाही.

खेळ सांगायला पाच मिनिटं पुरतात. मधे गोल चकत्या, प्रत्येकीवर चार फरशा. आपल्या पाळीला एका चकतीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या फरशा उचलायच्या, उरलेल्या मधोमध ढकलायच्या. उचललेल्या फरशा आपल्या पाटावरच्या एक ते पाच घरांच्या ओळींपैकी एकीत लावायच्या. ओळ भरली की फेरीअखेर तिच्यातली एक फरशी भिंतीवर चढते आणि शेजारी आधीच्या फरशा असतील तर आडवे-उभे दोन्हीकडचे गुण मिळतात. आडव्या रांगेत तिसरी आणि उभ्या रांगेत दुसरी ठरणारी फरशी एकदम ५ गुण देते.

खरी गंमत फेरीच्या शेवटाला. समजा मधोमध सहा लाल फरशा साचल्या आहेत आणि तुमच्याकडे लालसाठी एकच घर मोकळं आहे. बाकी काही उरलेलं नसेल तर त्या सहाही तुम्हालाच उचलाव्या लागतात. एक बसते, पाच खालच्या तोट्याच्या ओळीत पडतात आणि ८ गुण जातात. दोघांच्या डावात हे समोरच्याच्या गळ्यात कसं घालायचं याचंच गणित डोक्यात चालू असतं. आमच्या बैठकीतलं एक नवरा-बायकोचं जोडपं रात्री जेवणं उरकल्यावर रोज एक डाव टाकतं, आणि अर्ध्यापाऊण तासात तो संपतोसुद्धा. दोघांत इतका चुरशीचा होणारा खेळ या तिघांत दुसरा नाही. उणीव एकच: गुण मोजायचा काळा ठोकळा सपाट पाटावरून जरा धक्का लागला की सरकतो. गुण वहीत लिहा, विषय मिटला.

कटान वेगळ्या स्वभावाचा. क्लाउस टॉयबर यांनी दंततंत्रज्ञाचं काम सांभाळत तो घडवला. एका बेटावर वस्त्या आणि रस्ते बांधायचे आणि १० गुण आधी गाठायचे. लाकूड, वीट, लोकर, धान्य, खनिज ही पाच सामग्री फाशांवर मिळते: वस्तीशेजारच्या जमिनीवरचा आकडा पडला की तिथली सामग्री हातात येते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांत ६ आणि ८ पाच-पाच वेळा येतात, २ आणि १२ एकेकदाच. म्हणून वस्ती कुठे मांडली त्यावर अर्धा डाव ठरतो. ७ पडला की दरोडेखोर हलतो आणि ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्याचे निम्मे जातात.

कटानचं सगळं सुख देवाणघेवाणीत आहे. "एक वीट दी, दोन लोकर घे," "त्याला देऊ नको, तो जिंकतोय," असा आरडाओरडा चालू असतो आणि त्यात गप्प बसणारी माणसंही मोकळी होतात. आमचा म्हापशाचा एक मित्र एरवी दोन शब्द बोलत नाही. कटानच्या टेबलावर तो बाजारातल्या कोळणीसारखी घासाघीस करतो.

पण मूळ बॉक्स तीन किंवा चार जणांसाठीच आहे. दोघांत खेळता येत नाही, पाच-सहा जणांसाठी वेगळी पुरवणी विकत घ्यावी लागते. गोव्यातल्या आजच्या घरांत ही अट जड जाते. एक मुलगा पुण्यात, दुसरा बोटीवर, सून वेर्ण्याला शिफ्टमध्ये. तिसरा-चौथा गडी दर आठवड्याला जमेलच असं सांगता येत नाही. शिवाय सुरुवातीच्या वस्त्या चुकीच्या जागी पडल्या तर तो खेळाडू तासभर फासे टाकत नुसता बसून राहतो. मुलं अशा वेळी रडकुंडीला येतात. चार पक्के गडी असतील तर कटानसारखा दंगा दुसरीकडे नाही. नसतील तर बॉक्स कपाटावर धूळ खातो, आणि तशी धूळ मी एकाहून जास्त घरांत बघितली आहे.

टिकेट टू राइड हा अॅलन आर. मून यांचा. युरोप आवृत्ती २००५ ची, दोन ते पाच जणांसाठी. हातात रंगीत डब्यांचे पत्ते जमवायचे, त्या रंगाच्या मार्गावर आपल्या छोट्या प्लॅस्टिकच्या गाड्या मांडायच्या आणि तिकिटावरची दोन शहरं जोडायची. लहान मार्गाला थोडे गुण, सहा डब्यांच्या मार्गाला १५. तिकीट पुरं झालं नाही तर त्यावरचे गुण वजा होतात, म्हणून लिस्बन ते डान्झिग हे २० गुणांचं लांब तिकीट हातात आलं की पोटात गोळा येतो. युरोप आवृत्तीत मला आवडतात ती स्थानकं. कुणी तुमची वाट अडवली तर स्थानक ठेवून त्याचाच मार्ग वापरता येतो, न वापरलेल्या स्थानकाचे ४-४ गुणही मिळतात. त्यामुळे नवख्याचा डाव सहसा पूर्ण कोसळत नाही.

तीन पिढ्या एकत्र बसवायच्या असतील तर हाच. आजोबांना पत्ते जमवणं रमीमुळे ठाऊक असतं, आठ वर्षांच्या नातीला गाड्या मांडायला आवडतात, आणि वाचण्यासारखं पत्त्यांवर काही नसतं. नकाशावर मात्र शहरांची नावं तिथल्या तिथल्या भाषेत छापलेली आहेत, त्यामुळे व्हिएन्ना शोधणारा 'वीन'वर बोट ठेवूनही पुढे जातो. पहिल्या डावाला तिकीट वाटताना शहर दाखवून द्या. दोघांत हा खेळ सैल पडतो. एवढ्या मोठ्या नकाशावर कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. भारताचा नकाशाही मिळतो, पण ती पुरवणी आहे, गाड्या मूळ बॉक्समधल्याच लागतात.

आता पावसाळा. आमच्या बैठकीत याच्यावरच सगळ्यांत जास्त बोलणं होतं. ऑगस्टमध्ये कटानचे पत्ते पापडासारखे वळतात. बेटाभोवतीची पुठ्ठ्याची चौकट एकमेकांत अडकवायची असते. दमट हवेने ती फुगली की सांधे बसत नाहीत आणि बेटाचे षट्कोनी तुकडे मधून वर येतात. टिकेट टू राइडचा पट घडीचा, जाड, तो टिकतो. पण त्यातले ११० डब्यांचे पत्ते दर पाळीला हाताळले जातात, घामट बोटांनी लवकर मऊ पडतात. दोन्हींच्या पत्त्यांना पहिल्या दिवशीच प्लॅस्टिकची पाकिटं घाला आणि तो खर्च बॉक्सच्या किमतीतच धरा.

अझूलच्या १०० फरशा घट्ट प्लॅस्टिकच्या आहेत. बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसून खेळा, वाऱ्याने काही उडत नाही. कापां, म्हणजे भाजीचे तळलेले काप, खाता खाता खेळलात तरी ओल्या फडक्याने पुसून घेता येतात. कापडी पिशवी धुता येते. पुठ्ठा म्हणाल तर पाट आणि चकत्या, आणि ते थोडे वाकले तरी डाव अडत नाही. कुठलाही बॉक्स बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि श्रावणात उघडीप मिळाली की झाकण काढून हवा लागू द्या. बुरशीचा वास एकदा पुठ्ठ्यात शिरला की जात नाही.

चवथीला घर माणसांनी भरतं तेव्हा मात्र या तिघांपैकी एकही पुरत नाही. त्यासाठी कोडनेम्स घ्यावा, व्लादा ख्वातिल यांचा, किमतीलाही हलका. २५ शब्द मांडायचे, दोन गट, प्रत्येक गटाचा म्होरक्या एक शब्द आणि एक आकडा सांगतो, त्यावरून गटाने आपले तेवढे शब्द ओळखायचे. मूळ शब्द इंग्रजी आहेत, पण कुठला शब्द कुठल्या गटाचा ते सांगणाऱ्या किल्लीच्या पत्त्यांवर नुसते रंग असतात. म्हणून आम्ही कोऱ्या चिठ्ठ्यांवर मराठी-कोंकणी शब्द लिहिले. नारळ, सुपारी आणि दोरी टेबलावर वेगवेगळ्या कोपऱ्यांत असताना एका वहिनींनी "माटोळी, ३" म्हटलं (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट) आणि पलीकडच्या आजींनी तिन्ही चिठ्ठ्या क्षणात उचलल्या. चष्मा सावरत त्यांनी लगेच पुढच्या डावाची चौकशी केली.

र्‍युडिगर डोर्न यांचा 'गोवा' नावाचाही खेळ आहे, २००४ चा. सोळाव्या शतकातला मसाल्याचा व्यापार आणि लिलाव हा त्याचा विषय. नावामुळे आपल्याकडे सगळेच त्याची चौकशी करतात. खेळ उत्तम आहे, पण दीड तास आकडेमोड करायची तयारी लागते, आणि पहिला बॉक्स म्हणून तो घेऊ नये.

तेव्हा माझा कौल असा. घरात दोन किंवा तीन माणसं असतील तर डोळे मिटून अझूल. मुलं आणि वडीलधारी मिळून चार-पाच जण बसणार असतील तर टिकेट टू राइड युरोप, मूळ अमेरिकी नकाशापेक्षा हाच. कटान फक्त तेव्हा, जेव्हा ठरलेल्या वारी येणारे चार मित्र आधीच आहेत. आणि यातलं काहीच ठरत नसेल, तरीही अझूल, कारण दोघांत चालतो आणि चौघांतही.

ऑनलाइन मागवताना नकली मालाकडे लक्ष ठेवा. या तिन्ही खेळांच्या नकला सर्रास विकल्या जातात. किंमत बाकीच्या विक्रेत्यांपेक्षा निम्मी दिसली तर तिथे थांबा. छपाई पुसट, पुठ्ठा पातळ, गाड्यांना प्लॅस्टिकचे कोंब राहिलेले, ही खूण. अझूल हातात आला की परत करायची मुदत संपायच्या आत पिशवी रिकामी करा आणि मोजा: पाच रंग, प्रत्येकी २० फरशा.