एका पीएच.डी. संशोधन केंद्राचे परीक्षण : विभागातली सेवा आणि मुख्य इमारतीतली

पीएच.डी.ला प्रवेश घेऊ पाहणारे विद्यार्थी मार्गदर्शक कोण, विषय कोणता, अधिछात्रवृत्ती मिळेल की नाही, एवढी चौकशी हमखास करतात. परंतु ज्या केंद्रात पुढची चार-सहा वर्षे काढायची, तिथले कार्यालय कसे चालते, हे फारसे कोणी विचारत नाही. म्हणून हे परीक्षण मी मार्गदर्शकांचे किंवा अध्यापनाचे न करता केवळ व्यवस्थापनाचे आणि विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या पाठबळाचे करणार आहे. केंद्र राज्यातील एका अकृषी विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर विभागातले आहे. त्याचे नाव देत नाही, कारण माझा प्रबंध अजून त्याच विद्यापीठाच्या परीक्षकांकडे आहे आणि मला मौखिक परीक्षेला तिथेच उभे राहायचे आहे. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवते आणि संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ संशोधक म्हणून तिथे नोंदणी केली होती. माझे मत सुरुवातीलाच सांगते : विभागाच्या हातात असलेली कामे तिथे चोख होतात, पण फाईल विभागातून उठून मुख्य इमारतीत गेली की तिला कोणी वाली राहत नाही.

सध्याचा सगळा कारभार विद्यापीठ अनुदान आयोगाने 7 नोव्हेंबर 2022 रोजी अधिसूचित केलेल्या नियमावलीवर चालतो. किमान 3 वर्षे, कमाल 6 वर्षे, त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी 2 वर्षांची मुदत, 12 ते 16 श्रेयांकांचा (क्रेडिटचा) कोर्सवर्क म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम आणि दर सत्रात संशोधकाच्या प्रगतीवर देखरेख ठेवणाऱ्या संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण, अशी तिची ढोबळ रचना आहे. पूर्वी प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे होते. ती अट आयोगाने या नियमावलीत काढून टाकली आणि एम.फिल.ही बंद केले. नियमावली संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. मात्र त्यातली कोणती तारीख कोणत्या विद्यार्थ्याला कधी लागू होते, याचा हिशेब कोणी ठेवायचा, यावर बहुतेक केंद्रांचे उत्तर ‘ज्याचे त्याने’ असे असते. या विभागाने तो हिशेब स्वतःकडे घेतला, आणि माझ्या मते त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे.

नोंदणीपत्र हाती पडले त्याच दिवशी प्रत्येकाला एक पानी तक्ता मिळाला. त्यात नोंदणीचा दिनांक, कोर्सवर्क संपवण्याची मुदत, प्रत्येक सहामाही प्रगती अहवालाचा दिनांक, शुल्क भरण्याची अखेरची तारीख, प्रबंध लवकरात लवकर कधी सादर करता येईल आणि सहा वर्षे नेमकी कोणत्या दिवशी भरतात, हे सर्व त्या त्या विद्यार्थ्यापुरते शाईने भरलेले होते. एक प्रत आपल्याकडे, एक मार्गदर्शकांकडे आणि एक विभागाच्या फाईलला सर्वांत वर टाचलेली. ही अगदी साधी गोष्ट आहे, परंतु शेजारच्याच विभागातील माझ्या परिचयाच्या एका संशोधकाला आपले एक सत्र अहवालाविना गेले आहे हे प्रबंध सादर करण्याआधीच्या पूर्वसादरीकरणाच्या वेळी कळले, तेव्हा त्या एका पानाची किंमत आम्हा सर्वांच्या लक्षात आली.

कोर्सवर्कमध्ये संशोधन व प्रकाशन नीतिमूल्यांचा 2 श्रेयांकांचा अभ्यासक्रम आयोगाने सक्तीचा केलेला आहे, आणि अनेक ठिकाणी तो सरकचित्रे दाखवून उरकला जातो. येथे मात्र विद्यार्थ्यांनी लिहिलेले एखादे प्रकरण सॉफ्टवेअरमधून काढून, त्याचा साधर्म्य अहवाल (इतर लेखनाशी मजकूर किती जुळतो ते दाखवणारा) पडद्यावर घेऊन, एकेक रंगवलेले वाक्य तपासले गेले. आयोगाच्या 2018च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्यावर दंड नाही. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश मोजले जात नाहीत, आणि सलग 14 शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य किंवा योगायोगाने जुळणारे शब्दही वगळले जातात. हे आकडे आम्ही आधी ऐकले होते. परंतु आपल्याच परिच्छेदातले कोणते वाक्य कोणत्या कारणाने वगळले जाईल आणि कोणते वाक्य खरोखरच उचललेले ठरेल, हे समजल्यावर मनातली धास्तीही गेली आणि आळसही.

याच तासाला समन्वयक सरांनी मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना दिली, जी मी अन्यत्र कुठे ऐकली नाही. विद्यापीठाच्या आसपासचे टंकलेखक अजूनही प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत (फॉन्टमध्ये) टाइप करून देतात. छापील प्रत सुबक दिसते, परंतु संगणकाच्या लेखी तो मजकूर देवनागरी नसतोच, केवळ रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ असतो. मग तपासणी अहवालात साधर्म्य जवळपास शून्य येते, विद्यार्थी खूश होतो आणि त्या अहवालाला काडीचाही अर्थ राहत नाही. शिवाय पदवीनंतर प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो तेव्हा आतला एकही शब्द शोधून सापडत नाही. म्हणून विभागाचा दंडक असा, की पहिल्या प्रकरणापासून युनिकोडच वापरायचे आणि टंकलेखकाला पैसे देण्यापूर्वी एक परिच्छेद भ्रमणध्वनीवर चिकटवून तो वाचता येतो का ते पाहायचे. सरांनी हे सांगितले आणि वर्गातल्या दोघांनी तिथल्या तिथे आपापल्या टंकलेखकाला फोन लावायला बाहेर धाव घेतली.

संशोधन सल्लागार समितीच्या बैठका हा बहुतेक ठिकाणी चहा-बिस्किटांचा कार्यक्रम असतो. येथे इतिवृत्ताचा नमुना तीन रकान्यांचा आहे : मागील बैठकीतील सूचना, त्यावर झालेली कार्यवाही आणि या बैठकीतील सूचना. सादरीकरण सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने पहिले दोन रकाने स्वतः मोठ्याने वाचायचे असतात. माझ्या कामात मुलाखतींची पद्धत पहिल्या वर्षीच मंजूर झाली होती. पुढे समितीत नव्याने आलेल्या एका सदस्यांनी प्रश्नावली भरून घ्या, संख्या वाढवा, असा आग्रह धरला. अध्यक्ष मॅडमनी वाद न घालता इतकेच म्हटले, “सर, याविषयी मागच्या वर्षी काय ठरलं होतं, ते त्या वाचतील. मग बदल का हवा, ते आपण कारणासह लिहू.” कारण लिहायची वेळ आली तेव्हा आग्रह मागे पडला. विद्यार्थ्याला पाठबळ द्यायचे म्हणजे समुपदेशन कक्ष उघडायचा, अशी एक समजूत हल्ली रूढ झाली आहे. कक्षही हवाच, परंतु क्षेत्रकार्य निम्मे झालेले असताना पद्धत बदलावी लागली नाही, हा दिलासा मला त्या तीन रकान्यांनी दिला.

आता कार्यालयाविषयी. येथे संशोधनाचे काम एका सहायक मॅडमकडे आहे आणि त्या कोणताही कागद पोच दिल्याशिवाय घेत नाहीत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळणाऱ्यांच्या दृष्टीने तर त्यांचे टेबल हेच विद्यापीठ आहे. 1 जानेवारी 2023पासून पहिल्या दोन वर्षांना दरमहा 37,000 आणि वरिष्ठ दर्जा मिळाल्यावर 42,000 रुपये अशी ही रक्कम आहे. ती विद्यार्थ्याच्या खात्यात थेट जमा होत असली, तरी दर महिन्याला संस्थेने पोर्टलवर उपस्थितीची खातरजमा करावी लागते. एकाने नोंद भरायची आणि दुसऱ्याने ती तपासून मान्य करायची, अशी ही दुहेरी पद्धत आहे. दोघांपैकी एक जण रजेवर गेला की त्या महिन्याचे पैसे लांबतात आणि खोलीचे भाडे उसने घेऊन भरण्याची वेळ येते. मॅडम महिनाअखेरीस सर्वांना आठवण करतात, हजेरीपत्रक मागवतात आणि एकाच बैठकीत सर्वांच्या नोंदी पूर्ण करतात. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती घेणाऱ्या संशोधकांच्या प्रगती अहवालांवर सही-शिक्का मिळवण्यासाठीही त्यांनी आठवड्यातला एक वार ठरवून दिला आहे. विभागातले शिपाई मामा त्या दिवशी शिक्क्याची पेटी आधीच टेबलावर मांडून ठेवतात.

मात्र हीच बाजू केंद्राचा सर्वांत कच्चा दुवाही आहे, कारण मॅडम कंत्राटी आहेत. त्यांची नेमणूक अकरा महिन्यांच्या आदेशावर चालते आणि मध्यंतरी नवा आदेश निघायला विलंब झाला, तेव्हा विभागाचे सगळे कामकाज ठप्प झाले. लॉगिन कोणाकडे, शिक्का कोणत्या कपाटात, कोणाचा अहवाल पुढे गेला आणि कोणाचा राहिला, यांपैकी कशाचेही उत्तर विभागप्रमुखांनासुद्धा देता आले नाही. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तक्ता तयार करणाऱ्या विभागाने स्वतःच्या कामाची साधी टाचणवहीही ठेवलेली नव्हती, हे मला खटकले. यात दोष मॅडमचा नाही. कायमस्वरूपी काम अकराच महिन्यांच्या माणसावर टाकणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे.

दुसरी उणीव माहिती पोहोचण्याची आहे. महिला संशोधकांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना कमाल मुदतीवर आणखी 2 वर्षांची सवलत आहे. महिलांना संपूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. आमच्या तक्त्यात याचा उल्लेखच नव्हता. आमच्या तुकडीतील एका संशोधिकेने बाळंतपणानंतर काम सोडण्याचे जवळपास ठरवले होते. वसतिगृहातल्या मैत्रिणीकडून तिला या तरतुदीची माहिती कळली. अर्ज केल्यावर विभागाने तो विनासायास मंजूर केला, हे खरे. परंतु जो हक्क मागितल्यावर सहज मिळतो, तो आधी सांगण्यात काय अडचण असावी? मार्गदर्शक बदलण्याच्या बाबतीतही तेच. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी देता येत नाहीत, हा नियम येथे कसोशीने पाळतात. पण एखादे सर दुसरीकडे प्राचार्य म्हणून गेले, तर त्यांच्या विद्यार्थ्यांनी काय करावे, याची ठरलेली वाट येथे नाही. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी अशी कमाल मर्यादा असल्यामुळे उरलेल्या मार्गदर्शकांकडे जागा शिल्लक असेलच असे नाही, आणि अशा विद्यार्थ्याला दारोदार विचारत फिरावे लागते.

प्रबंध सादर झाला की विभागाचा हात सुटतो. मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बहिःस्थ परीक्षकांकडून मूल्यमापन व्हावे आणि मौखिक परीक्षेसह सर्व प्रक्रिया सहा महिन्यांत संपावी, असे नियमावली सांगते. परीक्षकांची नावे गोपनीय असणे रास्तच आहे. परंतु प्रबंध पाठवला गेला का, संमती आली का, एखादा अहवाल पोहोचला का, या टप्प्यांत गोपनीय असे काहीच नाही. खिडकीवर चौकशी केली की उत्तर मिळते, “मॅडम, फाईल वर गेलीय.” वर म्हणजे कोणाकडे आणि केव्हापासून, हे विचारले की समोरची व्यक्ती संगणकाच्या पडद्याकडे बघू लागते. रजा टाकून एस.टी.ने येणाऱ्या अर्धवेळ संशोधकाला हे उत्तर फोनवरही देता आले असते, पण त्या कक्षाचा फोन उचलला जात नाही. पदवीची अधिसूचना निघेपर्यंत नेमणुकीच्या मुलाखतीत पीएच.डी. धरली जात नाही, त्यामुळे हा विलंब अनेकांच्या पोटावर येतो. विद्यापीठाने प्रवेशापासून शुल्कापर्यंत सर्व काही ऑनलाइन केले आहे. मूल्यमापनाच्या फाईलला मात्र साधा आवक क्रमांकही संकेतस्थळावर टाकून पाहता येत नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

तक्रारीची सोय कागदोपत्री उत्तम आहे. आयोगाच्या 2023च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यानंतर विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. विभागाच्या व्हरांड्यात या समितीचा फलक ठळक लावलेला आहे. परंतु ज्यांच्या सहीवाचून आपले पान हलत नाही, त्यांच्याविषयी तक्रार करणारा संशोधक मला तरी भेटलेला नाही.

गुणच द्यायचे झाले, तर विभागाला पाचपैकी चार आणि मुख्य इमारतीतील मूल्यमापन कक्षाला दीड. मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनी आणि नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्यांनी या केंद्राचा विचार जरूर करावा. इतर कोणत्याही केंद्रात प्रवेश घेणार असाल, तर शुल्क भरण्यापूर्वी तिथल्या सध्याच्या संशोधकांना गाठून इतके विचारून घ्या : मार्गदर्शकांकडे खरोखर किती जागा रिकाम्या आहेत आणि त्यांची निवृत्ती कधी आहे, सल्लागार समितीचे इतिवृत्त विद्यार्थ्याच्या हाती मिळते का, अधिछात्रवृत्तीची मासिक नोंद कोण करते आणि ती व्यक्ती रजेवर असताना कोण करते, आणि सर्वांत अलीकडे पदवी मिळालेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध सादर होण्यापासून अधिसूचना निघेपर्यंत किती महिने लागले.