वेंगुर्ल्याची कांदळवन सफर: वल्हं बायकांच्या हातात

कोकणात बोटिंग म्हटलं की इंजिनाची घरघर, स्पीकरवरची गाणी आणि एक गिरकी मारून परत किनाऱ्याला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत यातलं काहीच नाही. स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका इथे स्वतः वल्हं मारत कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, दाखवतात. सफर २०१७ पासून चालू आहे. मी शाळेत भूगोल शिकवते, खारफुटीची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. त्यामुळे ही होडी माझ्यासाठी नुसती मौज नव्हती.

पाणी चढलं की होडी थेट झाडांत शिरते. कांदळाची मुळं खोडापासून कमानीसारखी सुटून चिखलात रोवलेली. त्याचं बी झाडावरच रुजतं. हिरवंगार लांबट रोप फांदीला लोंबत राहतं आणि गळून पडलं की चिखलात उभं राहतं. "बाय, ह्यां पान जिबेक लावन बघा," वल्हं मारणाऱ्या काकी म्हणाल्या. तिवराचं पान होतं. चक्क खारट! मुळांतून आलेलं जादा मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं. चिपी, काजळा, मारांडी अशा एकेक जाती त्या लांबूनच ओळखत होत्या. या खाडीत आठ जाती सापडतात. मध्येच वल्हं थांबवून त्यांनी खंड्या पक्षी दाखवला, तोही आवाज न करता, नुसता हात करून.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती या सफरीची घडण. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि राज्याचा कांदळवन कक्ष यांचं पाठबळ होतं, अभ्यासकांनी जाती ओळखायला शिकवलं. पण पाणी कधी फिरतं, कालवं कुठे धरतात, खेकड्याची बिळं कुठल्या काठाला, हे मासळीवर जगलेल्या घरांतल्या बायकांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. दोन्हीकडचं ज्ञान एकाच होडीत बसलं, म्हणून काकींच्या बोलण्यात पाठांतराचा वास नाही. प्रश्न विचारा, उत्तर खाडीतलं मिळतं.

याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांनी कडाडून विरोध केला. आपल्या पोटापाण्याचं काय, ही त्यांची धास्ती होती. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा झाला, आता किनाऱ्यावर रोज नवं काही उभं राहतंय. आराखडे करणाऱ्यांनी आधी या होडीत बसावं असं मला मनापासून वाटतं. जिचं घर खाडीवर चालतं, तिला कांदळ तोडू नका म्हणून सांगावं लागत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं: आधी फोन करून भरतीची वेळ विचारा आणि आपला कार्यक्रम त्यावर बेता, उलटं नको. टोपी हवीच. लाइफ जॅकेट घालायला कुरकुर करू नका. वेफर्सची पाकिटं गाडीतच ठेवा. मोठ्या इंजिनाची बोट का नाही, असा हट्ट कृपा करून धरू नका. तेल आणि आवाज नाही म्हणून तर पक्षी जवळ बसतात. मुलं असतील तर नक्की न्या, आणि त्यांना काकींच्या जवळ बसवा.

माझ्याकडून पाचपैकी पाच. पुढच्या शैक्षणिक सहलीसाठी मुख्याध्यापकांकडे वेंगुर्ल्याचंच नाव दिलंय.