सेकंडहँड डिझेल पिकअप: चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव, मुख्यतः टाकीपासून नोझलपर्यंतचा

गेल्या वर्षी जूनमध्ये मी २०१२ सालचा, बीएस-३ (धुरातल्या प्रदूषणाचे जुने भारतीय मानक) इंजिनाचा डिझेल पिकअप सेकंडहँड घेतला. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे जे लिहितो आहे ते एका कंपनीचे दुखणे नसून बारा-तेरा वर्षे राबलेल्या कोणत्याही डिझेल पिकअपचे आहे. आठवड्यातले चार दिवस गाडी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून कास्टिंग घेऊन मशीनिंगसाठी गोकुळ शिरगावला जाते आणि दोन दिवस मार्केट यार्डात गुळाचे रवे (ढेपा) भरून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाटमार्गे कणकवलीला. आजवर जवळपास ४०,००० किलोमीटर झाले. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या गोष्टीने मला रात्री झोपू दिले नाही ती म्हणजे डिझेलची व्यवस्था, आणि गाडी पाहायला गेलो तेव्हा नेमके तेच मी पाहिले नव्हते.

पहिला त्रास तीन आठवड्यांतच सुरू झाला. रिकामी गाडी उत्तम पळायची, पण सव्वा टन माल भरून चढाला लागली की दम टाकायची; ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नसे आणि पाच-दहा मिनिटे उभी केली की पुन्हा काही वेळ ठीक चालत असे. डिझेल फिल्टर बदलला, आठ दिवसांत तेच. दुसरा फिल्टर उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पत्र्याच्या ट्रेमध्ये ओतून दाखवला. वर डिझेल, खाली चहाच्या रंगाचे पाणी आणि त्याच्याही तळाशी बोटांत चोळल्यावर करकरणारा तांबडा गंजाचा चुरा होता. टाकी उतरवली तेव्हा आतल्या भिंतीवर, साधारण अर्ध्या उंचीवर, आडवी गंजाची रेघ दिसली. मिस्त्री म्हणाले, "मालक, ही गाडी पुरात उभी हुती." कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ अशी दोन वर्षे पंचगंगेने धोक्याची ४३ फुटांची पातळी कितीतरी ओलांडली आणि शिरोलीजवळ महामार्गसुद्धा पाण्याखाली गेला. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची सीट आणि वायरिंग बदलून, रंग मारून त्या विकल्या गेल्या. टाकीच्या आत मात्र कोणी पाहिले नाही.

पाणी टाकीत शिरण्यासाठी पूरच यावा लागतो असेही नाही. अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी केली की वरच्या पोकळीतल्या दमट हवेचे पाणी पत्र्यावर धरते आणि ते डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते. कोकणात मुक्कामी जाणाऱ्या गाड्यांना हे जास्त भोवते. जुन्या रोटरी प्रकारच्या यांत्रिक पंपाला वंगण फक्त डिझेलचेच मिळते, वेगळे ऑइल नसते; त्यामुळे डिझेलबरोबर पाणी पंपात गेले की आतले भाग कोरडे घासतात आणि शंभर-दीडशे रुपयांचा पाण्याचा निचरा न केल्याबद्दल पंप उतरवून कॅलिब्रेशनला (डिझेलचे माप पुन्हा जुळवायला) द्यावा लागतो. माझा पंप थोडक्यात वाचला. नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोंडे, मात्र चारही काढून प्रेशर तपासून घ्यावे लागले.

टाकीच्या कामात दोन गोष्टी अशा घडल्या की त्या स्वतंत्रपणे सांगितल्या पाहिजेत. टाकी उतरवलेली असताना "आजचा दिवस गाडी चालवा" म्हणून एका पोऱ्याने पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन सीटच्या मागे बांधून त्यातून नळी थेट फिल्टरला जोडण्याची तयारी केली. हा जुगाड आपल्याकडे सर्रास चालतो आणि गाडी त्यावर खरोखर धावतेही, परंतु ब्रेक लागल्यावर कॅन उलटला किंवा नळी निसटली तर डिझेल केबिनमध्ये किंवा तापलेल्या इंजिनावर सांडते, आणि कॅन वर असल्यामुळे इंजिन बंद केल्यावरही ते वाहतच राहते. मी नकार दिला आणि दोन दिवसांचे भाडे सोडले. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. टाकीला खालून सुईएवढे भोक पडले होते आणि ते वेल्डिंगने बुजवून देण्याची तयारी एका दुकानदाराने दाखवली. टाकी रिकामी आहे म्हणून सुरक्षित आहे, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. भरलेल्या टाकीत पेट घ्यायला हवा नसते. रिकाम्या टाकीत हवा आणि डिझेलची वाफ दोन्ही असतात, शिवाय पत्र्याला चिकटलेला थर गॅसच्या ज्योतीने तापून आणखी वाफ सोडतो. वाफेने धुतल्याशिवाय आणि पाणी भरून आतली पोकळी कमी केल्याशिवाय अशा टाकीला ज्योत लावणाऱ्याच्या जवळही कोणी उभे राहू नये. मी नवी टाकी घेतली. पैसे गेले, पण आजही हा निर्णय मला योग्यच वाटतो.

नव्या टाकीनंतर दोन महिने गाडी निर्धास्त चालली. मग सकाळी सेल्फ लांबायला लागला. रात्री उभी केलेली गाडी सकाळी चार-पाच सेल्फ मारल्याशिवाय उठत नसे आणि हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) दहा-वीस वेळा दाबला की लगेच सुरू होत असे. कोल्हापुरात याला "गाडी एअर घेतीय" म्हणतात. मी खाली वाकून गळती शोधत राहिलो आणि एक थेंबही दिसला नाही. टाकीतून डिझेल ओढतो तो फीड पंप; टाकीपासून त्याच्यापर्यंतचा भाग ओढीचा असतो. तिथे नळीला चीर गेली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि नळी बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथली चीर मात्र गळून स्वतःच दिसते. कोरडी नळी पाहून मी समाधान मानले, ही माझी चूक झाली आणि तिची किंमत फोंडा घाटात कळली.

ऑक्टोबरमधला शेवटचा आठवडा होता, गाडीत गूळ होता आणि शेजारी वीस वर्षे ट्रक चालवलेले एक मामा बसले होते. उतारावर एका वळणाआधी तिसऱ्यातून दुसरा टाकण्यासाठी मी क्लच दाबला, इंजिनाचे फेरे खाली आले आणि इंजिन बंद पडले. ते माझ्या लगेच लक्षातही आले नाही. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा अर्धा लागला आणि तिसऱ्यांदा पेडल दगडासारखे कडक झाले. मामा ओरडले, "क्लच सोडा मालक, गिअरात ऱ्हाऊ दे!" दुसरा पडला होता. क्लच सोडताच गाडीला हिसका बसला, चाकांनी इंजिन फिरवले, वेग तुटला, पेडल पुन्हा मऊ झाले आणि वळणाच्या पुढे डोंगराच्या बाजूला मी गाडी उभी केली. हातातला घाम स्टिअरिंगला लागलेला अजून आठवतो.

हे का घडले ते प्रत्येक पिकअपवाल्याने समजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्यूम, म्हणजे निर्वात पोकळी, वेगळ्या पंपातून येतो; बऱ्याच पिकअपमध्ये तो पंप अल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) पाठीवरच बसवलेला असतो आणि पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबले की पट्टा थांबतो, पट्टा थांबला की बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा ब्रेक मारण्यापुरता उरतो. गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच सोडलेला असेल तर चाके इंजिनाला फिरवत राहतात, इंजिनाचा रोध मिळतो, व्हॅक्यूम तयार होत राहतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही साथ देते. डिझेल वाचवण्यासाठी घाटात न्यूट्रल करणारे किंवा चावी बंद करणारे लोक हे सगळे आधार स्वतःच्या हाताने तोडतात. इंजिन बंद पडलेच तर ब्रेक पंपिंग न करता एकदाच घट्ट दाबून धरावा, हँडब्रेकची मदत घ्यावी, आणि स्टिअरिंग लॉक होण्याइतकी चावी मागे फिरवू नये. डिझेलच्या नळीची चीर आणि ब्रेक यांचा असा संबंध आहे, हे मला कोणत्याही विक्रेत्याने किंवा सर्व्हिस करणाऱ्याने सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू केले. मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक सरकत होते. चॅसिसच्या क्लॅम्पखाली नळी जिथे घासत होती तिथे केसाएवढी चीर निघाली. नळी वाकवल्याशिवाय ती दिसतच नव्हती. त्यावर तात्पुरती क्लिप न मारता टाकीपासून पंपापर्यंतची सगळी रबरी नळी बदलली आणि बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशरही नवे टाकले. हे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा तितके बसत नाहीत, तरी जुनेच उलटे करून लावण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

तिसरा प्रसंग आगीचा होता, किंवा होता होता राहिला. मार्च महिन्यात, चढावर, केबिनमध्ये डिझेलचा उग्र वास आणि किंचित पांढुरका धूर आला. बॉनेटखाली पाहिले तर चार नोझलांना जोडणारी बारीक कापडी आवरणाची रिटर्न नळी, जिला गॅरेजमध्ये लीक-ऑफ पाइप म्हणतात, एका टोकाला फाटली होती. हेडवरची धूळ डिझेलने भिजून तिचा काळा चिखल झाला होता आणि त्याची एक धार थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे (इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या भागाकडे) उतरत होती, मॅनिफोल्डपासून दोन बोटांवर.

डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले आहे आणि स्वतःही बोललो आहे. काडी लावण्यापुरते ते खरे आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते ते) किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पेट्रोलचा शून्याच्याही बराच खाली असतो. परंतु ठिणगीशिवाय, केवळ उष्णतेने पेटण्याचे डिझेलचे तापमान साधारण २१० ते २५० अंशांच्या आसपास आहे, आणि भरल्या गाडीने घाट चढताना मॅनिफोल्ड ४०० अंशांच्या पुढे सहज जातो. म्हणजे थंड इंजिनावर सांडलेले डिझेल निरुपद्रवी आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलेले तेच डिझेल काडीशिवाय पेटणारे. त्या दिवसापासून २ किलोचे ड्राय पावडरचे अग्निशामक सीटखाली न ठेवता ड्रायव्हरच्या दाराजवळ बसवले आहे. धूर दिसल्यावर बॉनेट पूर्ण उघडल्यास हवा मिळून आग उफाळते. फटीतून पावडर मारावी, आणि पाणी ओतू नये, कारण पेटलेले डिझेल त्यावर तरंगत पसरते.

रबर इतके लवकर का जाते, याचे एक कारण वय आणि उष्णता, दुसरे डिझेलमध्येच आहे. माझी गाडी बनली तेव्हा बीएस-३ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ३५० होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ती १० आहे. हवेसाठी हे फार चांगले झाले. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत जुन्या नायट्राइल रबराला फुगवून ठेवणारे घटकही कमी होतात, आणि वर्षानुवर्षे जुन्या डिझेलमध्ये भिजलेली सील व ओ-रिंग आकसून गळू लागतात. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या आणि सील दिसायला बऱ्या असल्या तरी एकदा सगळ्या बदलून टाकाव्यात. माझ्या गाडीला नळ्या, क्लिपा, वॉशर आणि मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या आत खर्च आला, तोही मी तीन हप्त्यांत, तीन संकटांनंतर केला.

टाकीच्या जागेबद्दलही लिहिले पाहिजे. माझ्या गाडीची टाकी चॅसिसच्या बाजूला, बाहेर लटकते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ च्या पिकअपमध्ये टाक्या चॅसिसच्या बाहेर बसवल्या होत्या. बाजूने धडक बसल्यावर आग लागण्याच्या प्रकारांवरून तिथे वर्षानुवर्षे खटले आणि सरकारी चौकशी चालली, आणि पुढच्या मॉडेलमध्ये टाकी चॅसिसच्या आत घेतली गेली. त्यातल्या बहुतेक गाड्या पेट्रोलच्या होत्या, आपल्या डिझेलच्या आहेत, हा फरक मान्य आहे. तरी गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या बाजूने किती घासून जातात हे इथे सगळ्यांना माहीत आहे. आधीच्या मालकाने साइड गार्ड काढून विकला होता. मी तो पुन्हा बसवून घेतला.

एक इशारा मिस्त्रींच्या शब्दांत देतो. पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी पाइपची गळती शोधायला मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी मनगट धरले: "हात लावू नगा. डिझेल कातडीत शिरलं तर बोट काढाय लागतंय." उच्च दाबाची बारीक धार डोळ्याला दिसत नाही आणि कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, तरी ती शस्त्रक्रियेची तातडीची बाब असते. गळती पुठ्ठा धरून शोधावी. कॉमन रेल (सगळ्या नोझलांना एकाच सामाईक पाइपमधून डिझेल देणाऱ्या) गाडीत दाब १,००० बारच्याही वर असतो, तिथे तर इंजिन चालू असताना पाइपचा नट सैल करण्याचा विचारही करू नये.

एप्रिलपासून गाडीने रस्त्यात दगा दिलेला नाही. ॲव्हरेज दहावर आले होते, ते तेरावर गेले आहे. दर सोमवारी वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचा) स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढतो, संध्याकाळी टाकी भरूनच गाडी लावतो आणि फिल्टर सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलतो. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीचे पासिंग दर वर्षी होते खरे, पण त्यात टाकीच्या आत आणि क्लॅम्पच्या खाली कोणी पाहत नाही. ते आपणच पाहायचे असते.

अशी गाडी घ्यावी का, असे विचारणाऱ्यांना मी घ्या असेच सांगतो, मात्र ठरलेल्या किमतीत टाकी आणि नळ्यांचे वीस हजार आधीच धरून. टाकीचे झाकण उघडून आत बॅटरी मारून पाहा आणि कडेला पाण्याची रेघ शोधा. झाकण उघडताना फुस्स असा मोठा आवाज आला तर त्याचे हवेचे छिद्र बुजले आहे. नळ्या कोरड्या आहेत एवढ्यावर न थांबता वाकवून पाहा. आणि पाहायला गेल्यावर बॉनेटला हात लावा. गाडी आधीच सुरू करून गरम ठेवली असेल तर सौदा न बोलता परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, न सांगता, पहिला सेल्फ स्वतः मारा.