स्ट्रीट फायटर ६ की टेकन ८?

गोरेगावच्या भाच्याला पहिलाच फायटिंग गेम घ्यायचाय आणि तो या दोघांत अडकलाय.

आधी खर्च. स्ट्रीट फायटर ६ (२०२३) प्लेस्टेशन ४वर (पीएस४) चालतो. टेकन ८ला (२०२४) पीएस५, एक्सबॉक्स सिरीज किंवा दमदार पीसीच लागतो. घरात जुना पीएस४ असेल तर प्रश्न इथेच मिटला.

शिकायला सोपा कुठला? स्ट्रीट फायटरच्या मॉडर्न कंट्रोलमध्ये एक बटण दाबलं की रियू या फायटरचा हदोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) सुटतो. बदल्यात त्याचं डॅमेज २० टक्के कमी होतं. नवख्याने हा सौदा खुशाल करावा, कारण मग लक्ष स्वतःच्या बोटांवर न राहता समोरच्याच्या उडीवर राहतं. टेकनची चार बटणं म्हणजे दोन हात, दोन पाय. हे लगेच कळतं. पण एकेका फायटरच्या मूव्हची यादी लांबलचक, शिवाय बाजूला सरकून वार चुकवणं आलंच. काय कसं ब्लॉक करायचं हे समजेपर्यंत भरपूर मार खावा लागतो.

टेकनचा रिप्ले मात्र मला फार आवडतो: हरलेली लढत मध्येच थांबवून तिथूनच स्वतः खेळून बघता येते.

ऑनलाइनसाठी दोन्हीत रोलबॅक नेटकोड (नेट थोडं अडखळलं तरी खेळ सुरळीत ठेवणारी यंत्रणा) आहे, तरी वायफायपेक्षा केबल लावा.

लोकलने थकून येऊन रात्री अर्धा तास एकट्याने शिकणार असाल, तर स्ट्रीट फायटर. भावंडांसोबत एकाच टीव्हीसमोर बटणं बडवायची असतील, तर टेकन. तिथे नवख्या हातांनाही भारी मूव्ह सापडतात.